अर्धवट ठोकलेला वर्ख

१

नॅनो म्हटलं की आमच्या गल्लीला अजून ती छोटी गाडी आठवते. "खाजामियाँची पोरगी नांदेडात गाड्या बनवायचं शिकायलीय," असं शेजारच्या साखराबाई सगळ्यांना सांगतात. मी दुरुस्त करायचं सोडून दिलंय. एम.टेक.चं शेवटचं वर्ष, डोक्यावर प्रबंध, त्यात साखराबाईंना नॅनोमीटर कुठं समजावत बसू?

माझं काम तसं सोपं आहे. विष्णुपुरीला कॉलेजात एका बंद खोलीत एक यंत्र आहे. त्याला हिऱ्याचं इतकं बारीक टोक आहे की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. ते पातळ पत्र्यावर टेकवायचं, हळूहळू दाबायचं, थोडा वेळ तसंच दाबून धरायचं, मग उचलायचं. किती जोर लावला आणि पत्रा किती खाली गेला, याची रेघ पडद्यावर उमटते. केसापेक्षा कितीतरी पट पातळ झालेला धातू कसा वागतो, एवढाच माझा प्रश्न. दिवसभर एसीत श्वास आवरून बसायचं. माझ्यासारख्या तापट बाईच्या नशिबी हे काम कसं आलं, अल्ला जाणे.

आलं ते अब्बांमुळं. अब्बा लातूरच्या जुन्या बाजारात चांदीचा वर्ख ठोकतात, बर्फीवर लावतात तो. चांदीचे तुकडे चामडी पानांच्या बाडात घालायचे, बाड दगडावर ठेवायचं आणि हातोड्यानं ठोकत राहायचं. दोन थापा हलक्या, तिसरी जड. मी त्या तालावर पाढे पाठ केलेत. आता वर्ख मशिनीवर होतो, अब्बांची गिऱ्हाइकं म्हणजे एकदोन म्हातारे हलवाई. घरातली एक रीत मात्र कधी मोडली नाही. बाड अर्ध्यात सोडायचं नाही. अब्बा नमाजाला उठले तर अम्मी हातोडा घ्यायची, पण थाप तुटू द्यायची नाही. का, ते कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

ईद झाली आणि अब्बा ठोकता ठोकता कलंडले. लकवा. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी त्या दिवशी घरीच होते. अम्मी धावली, मी धावले, मग ऑटो, दवाखाना, सलाईन. अशा वेळी हातोड्याकडं कोण बघतंय? बाड दगडावर अर्धवट ठोकलेलं तसंच राहिलं.

अब्बा घरी आले, खाटेला खिळले. मी नांदेडला निघाले तेव्हा ते बाड बॅगेत घातलं. मला मधल्या जाडीची चांदी हवीच होती. पुरा वर्ख फार पातळ पडतो आणि सराफाकडचा पत्रा फार जाड. घरी आम्ही आमची दखनी बोलतो, इथं मराठीत सांगते. अम्मी म्हणाली, "ने बेटा. पडून राहण्यापेक्षा तुझ्या कामाला तरी येईल."

२

बाडातलं एक पान उघडून त्यातली चांदी काढली. उजेडापुढं धरली तर आरपार काही दिसत नव्हतं. ती एका छोट्या पितळी कड्यावर बसवली, डफावर कातडं बसवतात तशी. कडेनं उरलेली ब्लेडनं गोल कापली. काचेच्या डबीत ठेवली, झाकण लावलं आणि होस्टेलवर गेले.

सकाळी डबी उघडली तर कड्याच्या बाहेर चांदीची कड लोंबत होती. नखाएवढी.

"समीक्षा, माझ्या नमुन्याला कुणी हात लावला?"

समीक्षा माझी लॅबमधली जोडीदार, अहमदपूरची. तोंडानं फाटकी आणि मनानं सोनं. तिनं मान वर न करता उत्तर दिलं, "मी कशाला हात लावू बाई तुझ्या बर्फीच्या कागदाला? तूच नीट कापलं नसशील. उपाशीपोटी येतीस, हात थरथरायलेत तुझे."

ते खरं होतं. अब्बा पडल्यापासून माझा घास घशाखाली उतरत नव्हता. मी कड पुन्हा कापली, या वेळी मोबाइलवर फोटो काढून ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा कड बाहेर. फोटोत कापलेला गोल अगदी स्वच्छ होता.

मग मी ते केलं जे मला येतं. जाडी मोजली. निम्म्याहून कमी. वाढलेली जागा आणि घटलेली जाडी एकमेकींशी पडताळून पाहिली तर हिशोब चोख जुळला. चांदी कुठून आली नव्हती आणि कुठं गेली नव्हती. ती फक्त पसरली होती. चांदी अशी पसरते ती ठोकल्यावर.

बंद डबीत, कुलूप लावलेल्या खोलीत. मी खुर्चीत बसले आणि बराच वेळ स्वतःला शिव्या घातल्या. जागरण, अशक्तपणा, मोजण्यातली चूक, सगळी कारणं एकापाठोपाठ एक लावून पाहिली. माणसाला पटवून घ्यायचं असलं की कारणांना तोटा नसतो.

३

दुपारी कडं यंत्रात ठेवलं. टोक चांदीच्या वर, हवेत थांबवलं. अजून काहीही टेकलेलं नाही, त्यामुळं पडद्यावर रेघ सपाट यायला पाहिजे.

रेघेवर टेंगळं आली. बारीक, बारीक, मोठं. थोडी जागा सोडून पुन्हा बारीक, बारीक, मोठं.

"विष्णुपुरीच्या धरणावरचा पंप असंल," समीक्षा म्हणाली.

"पंप असा तालात चालतो का गं?"

"मग एसी."

एसी बंद केला. घामानं पाठ भिजली, पण टेंगळं तशीच. चांदी काढून साधी काच ठेवली तर रेघ सपाट झाली, पाटीवर पट्टीनं ओढल्यासारखी. चांदी पुन्हा ठेवली आणि ताल पुन्हा सुरू झाला. समीक्षा आता हसत नव्हती. "सरांना बोलावू का?" तिनं विचारलं. मी नको म्हणाले. सरांना काय सांगणार होते? की हवेतल्या टोकाला खालून कुणीतरी थापा मारतंय?

तेवढ्यात अम्मीचा फोन आला. आवाजात इतका आनंद होता की मला आधी ओळखूच आला नाही.

"मनतशा, अब्बांचा हात हालायलाय गं! उजवा! खाटेच्या लाकडी पाटीवर थापा मारत्यात. डॉक्टर म्हणाले लई चांगली खूण हाय."

"कधीपासून?"

"तू नांदेडला गेलीस तेव्हापासूनच थोडं थोडं. मी म्हटलं आधी खात्री करू, मग पोरीला सांगू. आणि हलके झालेत बघ. कूस बदलायला पहिलं साखराबाईंना हाक मारावी लागायची. आता एकटी बदलते."

तिच्या मागं आवाज येत होता. लाकडावर हात पडल्याचा. दोन हलके, एक जड.

मी पडद्याकडं बघत होते. फोनमधली थाप आणि रेघेवरचं टेंगूळ एकदमच यायचं. आधी कोणतं यायचं ते मला सांगता आलं नाही. मी फोन छातीशी धरला आणि त्या खोलीत, समीक्षाच्या देखत, ढसाढसा रडले. ती बिचारी समजली की आनंदानं रडतेय.

४

लातूरला निघण्याआधी कडं खिडकीपुढं धरलं. चांदीतून उजेड येत होता, निळसर. चांदी फार पातळ झाली की तिच्यातून निळा उजेड येतो. पुस्तकातली गोष्ट आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, असं मी वाटेवरचं लोहा गाव येईपर्यंत घोकलं आणि अहमदपूर आल्यावर घोकायचं सोडलं. एसटीत शेजारच्या बाईनं दोनदा विचारलं, "कुणी आजारी हाय का घरी?" मी नुसती मान हलवली.

घरी पोचले तेव्हा अजून ऊन होतं. अब्बा खाटेवर उताणे. डोळे उघडे. मला बघून डाव्या डोळ्यातून पाणी आलं. उजवा हात पाटीवर पडत होता. हलका, हलका, जड.

"सूज आलीय थोडी," अम्मी म्हणाली. "झोपून झोपून येती म्हणे."

ती सूज नव्हती. अब्बांचा तळवा रुंद झाला होता. बोटं लांब वाटत होती आणि बोटांची टोकं सोललेली होती, कुणी कडेकडेनं कापल्यासारखी. "पाटीला घासली असतील," अम्मी म्हणाली. ज्या हातानं मी ब्लेड धरलं होतं, त्या हाताकडं बघितलं.

मग मी अब्बांना उशीवर सरकवायला त्यांच्या पाठीखाली हात घातला. हाताला वजनच लागलं नाही. धुतलेली चादर उचलावी तेवढं. त्यांच्या खाली गादीवर खळगाही पडलेला नव्हता. इतके दिवस माणूस झोपलेला आणि गादी दुकानातून आणल्यासारखी.

"अम्मी, हे हलके झाले म्हणजे किती हलके झाले, तुला कळायलंय का?"

"आजारपणात माणूस वाळतंच," ती फटकन म्हणाली आणि माझ्याकडं बघायचं टाळलं. तिला कळत होतं. कळून तिनं ते दाराबाहेर उभं केलं होतं. मग म्हणाली, "ते बाड आण की परत. अर्धं राहिलंय ते माझ्या जिवाला लागलंय. मी संपवते चार थापा मारून."

"खबरदार!" मी ओरडले. अम्मीवर मी असं कधी ओरडले नव्हते. "त्याला हात लावायचा नाही. कुणी नाही."

अब्बांचा हात थांबला. त्यांनी तो हळूच उचलला, माझ्या डोक्यावर ठेवायला असावा. खिडकीतून ऊन येत होतं आणि हात उन्हाच्या आड आला.

हातातून निळा उजेड आला. मी हाडं शोधली, शिरा शोधल्या. मला तळव्यातून खिडकीचे गज दिसले.

५

आल्या पावली नांदेडला परतले, जवळजवळ त्याच एसटीनं. अम्मीला वाटलं रागावून गेली. वाटू दे.

चांदी वितळवून टाकावी, असं पहिलं मनात आलं. घडी घालून जाड करावी, हे दुसरं. दोन्ही वेळा हात पुढं गेला आणि मागं आला. रोज मी नमुना फाटला तर दुसरा बसवते, तो फाटला तर तिसरा. संशोधन असंच चालतं, चुकत चुकत. इथं चुकायचं कसं? अब्बा एकच होते.

शेवटी सुचलं ते एवढंच. टोक चांदीवर टेकवलं, थोडं दाबलं आणि दाबून धरलं. उचललं नाही.

रेघ सपाट झाली. थापा बंद.

अम्मीला फोन केला. "झोपले गं," ती कुजबुजली. "हात थांबला आत्ताच. चेहरा बघ किती शांत झालाय."

मी यंत्रावर डोकं टेकून हसले. धरून ठेवायचं, बस्स. जोवर धरलंय तोवर पातळ होणार नाही. पुढचं पुढं. मी डबा आणून खोलीतच जेवायला लागले. जेवण खरंच जात होतं. वीज गेली तर बॅटरी होती, बॅटरी गेली तर जनरेटर. समीक्षाच्या वापराची वेळ आली तेव्हा मी दारात आडवी उभी राहिले.

"वेड लागलंय का तुला? सगळ्यांचं काम अडलंय. सर विचारायलेत."

"सरांना सांग यंत्र बिघडलंय."

"आणि बिघडलंय ते यंत्रच का?" तिनं माझ्या चेहऱ्याकडं नीट बघितलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "मनतशा, घरी जा गं. बापाजवळ बस. हे कागद, रेघा कुठं पळून चालल्यात?"

"मी बापाजवळच बसलेय," मी म्हणाले. तिनं हात टेकले. पण सरांना जाऊन खोटं सांगून आली, ते मी विसरणार नाही.

६

पुढचा फोन दुपारचा. अम्मी रडत होती.

"छातीत दुखायलंय त्यांच्या. एकाच जागी. डावं बोट लावून दाखवत्यात आणि कण्हत्यात. डॉक्टर येऊन गेले, ईसीजीची पट्टी काढली, हृदय ठीक हाय म्हणाले. पण बेटा, त्या जागी डाग आलाय. मुंगी चावल्याएवढा. तिकोनी."

माझ्या हिऱ्याच्या टोकाला तीन बाजू आहेत. ते जिथं बोचतं तिथं बारीक तिकोनी खूण राहते. अशा खुणांचे कितीतरी फोटो माझ्या प्रबंधात आहेत, खाली मोजमापासकट.

या अल्ला. मी अब्बांना धरून ठेवलं नव्हतं. मी त्यांच्या छातीत सुई खुपसून बसले होते, वर डबा खात होते.

"अम्मी, फोन त्यांच्या कानाला लाव." तिनं लावला. श्वास ऐकू आला, सुका, पातळ. "अब्बा, मी मनतशा. काढलं तर पुन्हा थापा सुरू होतील. नाही काढलं तर दुखत राहील. मला काहीच सुचत नाही, अब्बा. मला तुम्ही पाहिजे आहात, एवढंच कळतंय."

मग लकवा झाल्यापासून एक शब्द न बोललेला माझा बाप स्पष्ट म्हणाला, "काढ, बेटा."

मागं अम्मी आनंदानं किंचाळली. "बोलले! अगं बोलले!"

मी सगळ्यात मंद गती निवडली. इतक्या हळू मी कधी काही उचललं नसेल. जोर कमी होत गेला, रेघ उतरत उतरत शून्यावर आली. शून्यावर टोक सुटतं. ते सुटलं नाही. रेघ शून्याच्या खाली गेली. मी सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर बघितलं. चांदी टोकाला चिकटून वर यायला लागली होती. कड्याची एक बाजू सुटली होती.

"मनतशा, उठायलेत!" अम्मी ओरडली. "आपले आपण उठायलेत! साखराबाई, या हो, बघा तरी!"

"अम्मी, धर त्यांना."

"कशाला धरू? हाताचा आधार न घेता उठायलेत."

"अम्मी, पाठ टेकलीय का खाटेला? पाय कुठं आहेत त्यांचे?"

मी थांबवायचं बटण दाबलं. टोक जागीच थांबलं, पण चांदी हलत होती, एका कडेनं वर, मग दुसऱ्या. यंत्राचं दार घट्ट बंद होतं. आत वारा नव्हता. फोनमध्ये फडफड ऐकू येत होती, दोरीवरच्या कपड्यांची असते तशी.

"अम्मी, काय वाजतंय तिथं?"

"पंखा गं. उकडायलं होतं त्यांना, म्हणून मघाशी मोठा केला."

"बंद कर! आधी पंखा बंद कर!"

"करते, करते, पण ह्यांचा हात... मनतशा, ह्यांना धरायचं कुठं गं? धरलं की चुरगळायलंय."

"नको चुरगळू! हळू धर, अम्मी. दोन बोटांत."

पडद्यावर चांदी टोकावरून निसटली. एकदा पालथी झाली, निळी दिसली आणि चौकटीच्या बाहेर गेली. मी यंत्राचं दार उघडलं, कडं उचललं, खालचा पाट बोटांनी चाचपला, जमिनीवर गुडघे टेकून शोधलं, श्वाससुद्धा घेतला नाही. कड्यावर काही नव्हतं. कुठंच काही नव्हतं.

फोनमध्ये पंख्याची घरघर मंदावत गेली आणि थांबली. साखराबाईंचा आवाज आला, "काय झालं हो जन्नतबी, हाक का मारली? खाजामियाँ कुठायत?" अम्मीनं फोन तोंडाजवळ घेतला. ती मला म्हणाली, अगदी हळू, चूक कबूल करावी तसं.

"दार उघडंच होतं गं."